बिननावाच्या बाहुल्या

मुस्लिम मराठी साहित्याच्या बैठकांतून गेली कित्येक वर्षे एक तक्रार सातत्याने मांडली जाते. मराठी कथा-कादंबरीत मुसलमान येतो तो दुय्यम पात्र म्हणून. पानवाला, टांगेवाला, खाटीक, फकीर, नाहीतर दंगलीतला जमाव. तक्रार खरी आहे. पण ती मांडून झाल्यावर आपण चहा पितो आणि पुन्हा नायकाविषयी बोलू लागतो. दुय्यम पात्र घडते कसे, त्याला ओळख कोण चिकटवते, चिकटवलेली ओळख कधी निघते की नाही, इकडे आपले फारसे लक्ष जात नाही. आम्हांला हे प्रश्न पडले ते कुठल्या कादंबरीमुळे नव्हे. लहान मुलांच्या एका दूरचित्रवाणी मालिकेतल्या बाहुल्यांमुळे पडले. बाहुल्यांवर समीक्षा लिहिणार म्हटल्यावर आमच्यापैकीच दोघांना हसू आले होते. त्यांचे हसू ओसरायला एक वही पुरली.

ती मालिका म्हणजे 'गली गली सिम सिम'. १५ ऑगस्ट २००६ पासून ती कार्टून नेटवर्क, पोगो आणि दूरदर्शन या वाहिन्यांवरून दिसू लागली. अमेरिकेत १० नोव्हेंबर १९६९ रोजी सुरू झालेल्या 'सेसमी स्ट्रीट'चा हा हिंदी अवतार. 'सेसमी' म्हणजे तीळ, आणि हा तीळ अलिबाबाच्या गुहेच्या दारातला. अमेरिकेने तो शब्द अरबी कथांतून उचलला, १९७९ साली कुवेतमध्ये 'इफ्तह या सिमसिम' या नावाने तो अरबीत परत गेला, आणि पुढे हिंदी गल्लीत आला. मराठी मुले पिढ्यान् पिढ्या 'तिळा तिळा दार उघड' म्हणत आली आहेत. म्हणजे दार आपल्याच घरातले होते, फक्त किल्ली बरीच फिरून आली.

सीबीडी बेलापूरला आमची तीन घरे एकाच इमारतीत होती. तीन घरांत मिळून सहा मुले. मालिकेतले चार चेहरे त्यांना पहिल्याच आठवड्यात पाठ झाले. शाळेच्या गणवेशातली, वेण्या घातलेली पाच वर्षांची चमकी. शाकाहारी असणारा आणि भांगड्यावर जीव टाकणारा भला मोठा सिंह बूमबाह. प्रश्न विचारून हैराण करणारा केसाळ गुगली. आणि शिंकली की भलतीकडेच जाऊन पडणारी आँछू. त्यांच्याबद्दल वाद नव्हता. वाद होता तो बाकीच्यांबद्दल. एका तुकड्यात येऊन एक वाक्य बोलून जाणाऱ्या, मागे गर्दीत माना डोलावणाऱ्या, कधी डॉक्टर तर कधी गिऱ्हाईक होणाऱ्या बाहुल्या. "हा कालचाच आहे," एक म्हणे. "नाही, कालच्याला मिशी होती," दुसरा म्हणे. शेवटी भांडण मिटवण्यासाठी दोनशे पानी वही आणली, रकाने आखले, प्रत्येक बिननावाच्या बाहुलीला क्रमांक दिला. मुलांनी सुरुवात केली आणि खरे सांगायचे तर दोन महिन्यांत ती वही मोठ्यांच्या ताब्यात गेली. रविवारी सकाळी मुले क्रिकेट खेळायला जात आणि आम्ही तिघे-चौघे क्रमांक १९ आणि क्रमांक ३४ एकच की वेगवेगळे, यावर चहा थंड करीत बसत असू.

पहिली वाटणी आम्ही 'इथल्या' आणि 'तिथल्या' अशी केली. मालिकेत गल्लीतले प्रसंग इथे चित्रित केलेले असत, आणि मधूनमधून परदेशी तुकडे हिंदीत आवाज भरून जोडलेले असत. ही वाटणी सोपी वाटली होती. ती चार पानेही टिकली नाही. कारण जांभळ्या, केशरी, निळ्या रंगाचा चेहरा अस्खलित हिंदी बोलत असेल तर तो कुठला? मुलांनी ठरवून टाकले की जो हिंदी बोलतो तो इथला. आम्हांला हा निकाल मोठा मजेशीर वाटला. माणसांच्या बाबतीतही तो कोणी लावला तर बरे होईल असे वाटले, पण तसा तो लावला जात नाही हे आम्ही जाणतो.

मग या बाहुल्या बनतात कशा हे शोधायला लागलो आणि अर्धे कोडे सुटले. 'सेसमी स्ट्रीट'च्या बाहुल्या जिम हेन्सन यांच्या कार्यशाळेत घडल्या. तिथे ठळक पात्रांसाठी स्वतंत्र बाहुल्या असत, पण किरकोळ पात्रांसाठी कोऱ्या बाहुल्या करून ठेवलेल्या असत. कोऱ्या म्हणजे खरोखर कोऱ्या. नुसते रंगीत डोके आणि तोंड. डोळे, नाक, केस, मिशी, चष्मा, टोपी सगळे वरून लावायचे आणि काम झाले की काढून ठेवायचे. आज जो टपालवाला तोच उद्या राजा, परवा कोणाची आई. इंग्रजीत त्यांना 'एनीथिंग मपेट' म्हणतात, म्हणजे काहीही होऊ शकणारी बाहुली. कारागिरांनी त्यांना आपल्या सोयीसाठी रंगावरून आणि आकारावरून ओळखीची नावे दिली होती. त्यातला एक 'फॅट ब्लू', जाडा निळा. हॉटेलात येऊन बसणारे एक गिऱ्हाईक आणि त्याला छळणारा वेटर ग्रोव्हर, असे अनेक तुकडे याच जाड्या निळ्यावर झाले. बिचारा दर वेळी काही खायला मागतो आणि दर वेळी काहीतरी भलतेच घडते. पुढे त्याचे नाव मिस्टर जॉन्सन म्हणून रूढ झाले. पण तोच निळा चेहरा दुसऱ्या तुकड्यात दुसऱ्या कोणाचा तरी बाप होतो, तेव्हा तो मिस्टर जॉन्सन असतो का? जगभरचे चाहते यावर वर्षानुवर्षे काथ्याकूट करीत आले आहेत. सर्वसाधारणपणे मान्य झालेला नियम असा की कापड एक असले तरी पात्र एक नव्हे. नाव, आवाज आणि प्रसंग जुळले तरच तो तोच.

हे वाचल्यावर आमच्यापैकी एकाने खिडकीबाहेर बोट दाखवले. आमचे गाव असेच वसवलेले. सीबीडी हे काही नाव नव्हे, इंग्रजी वर्णनाची तीन अक्षरे आहेत. त्यापुढे सेक्टरचे क्रमांक, आणि सिडकोच्या घरांना ए टाइप, बी टाइप. बेलापूर हे नाव तेवढे जुने, किल्ल्याचे आणि गावठाणाचे. चार्ल्स कोरिया यांनी वसवलेल्या आर्टिस्ट व्हिलेजला निदान नाव तरी मिळाले. बाकी आम्ही सगळे क्रमांकात राहतो आणि त्यात नाक-डोळे लावतो ते आमचे आम्ही. हे विषयांतर झाले, पण वहीतल्या क्रमांकांची आम्हांला एवढी माया का वाटली ते यातून कळावे.

वहीचे पुढचे पान मात्र मौजेचे नव्हते.

एके दिवशी कोणाच्या तरी लक्षात आले की रकान्यांच्या बाजूला पेन्सिलीने बारीक अक्षरे लिहिली आहेत. काही क्रमांकांपुढे 'हिं.', काहींपुढे 'मु.'. लिहिणारा आमच्याच घरातला, नऊ वर्षांचा मुलगा. त्याला कोणी रागावले नाही. विचारले, हे कसे ठरवलेस? क्रमांक २७ हा दाढीवाला, एका परदेशी तुकड्यातला, डोक्याला फडके गुंडाळलेला. त्याच्यापुढे 'मु.'. कारण दाढी आणि फडके. ठीक आहे. चमकीपुढे 'हिं.'. हे का? तो म्हणाला, "ती शाळेत जाते." आम्ही म्हणालो, "तूही जातोस की." त्यावर तो अगदी सहज म्हणाला, "मी खरा आहे. टीव्हीत आपले नाही जात."

त्या उत्तराशी आम्ही अजून भांडतो आहोत. कार्यक्रमकर्त्यांवर दोष ठेवणे सोपे, आणि या बाबतीत अन्यायाचे होईल. चमकी हे नाव मुद्दाम जातधर्माच्या पलीकडचे आहे. आडनाव नाही, घरातला देव दिसत नाही, कपाळावरून काही कळू नये अशी काळजी घेतलेली. गुगली हा क्रिकेटमधला शब्द, आँछू हा शिंकेचा आवाज. मुलींनी शाळेत जावे हा चमकीचा हेतू, तो उघड आणि चांगला आहे. पण कोरी बाहुली कोरी राहत नाही, हे त्या पेन्सिलीने दाखवले. जिथे काही चिकटवलेले नाही तिथे पाहणारा बहुसंख्याकांचा चेहरा भरतो, आणि अल्पसंख्याकांचे मूलही तोच भरते. मुसलमान असण्यासाठी काहीतरी चिकटवलेले असावे लागते हे त्या मुलाने आमच्याआधी हेरले होते. त्याला ते मालिकेने शिकवले नाही. त्याने ते इतर पडद्यांवरून, शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या 'विविधतेत एकता'च्या वेशभूषेवरून उचलले असावे, जिथे त्याला स्वतःला दोनदा गोल टोपी आणि काजळाची दाढी लावून उभे केले होते.

चिकटवणे कापडाचेच असते असेही नाही. आवाजानेही ते होते, आणि याचे सर्वांत बोलके उदाहरण त्याच अमेरिकी मालिकेतले आहे. १९७० साली 'सेसमी स्ट्रीट'वर रूझवेल्ट फ्रँकलिन नावाची बाहुली आली. तिचा चेहरा गर्द किरमिजी-जांभळा, म्हणजे माणसाच्या कुठल्याच वंशाचा नव्हे. ती कल्पना आणि तो आवाज मॅट रॉबिन्सन यांचा, जे मालिकेत गॉर्डन ही माणसाची भूमिकाही करीत. रॉबिन्सन स्वतः कृष्णवर्णीय. कृष्णवर्णीय मुलांना आपली बोली, आपली लय पडद्यावर ऐकू यावी ही त्यांची इच्छा. मुलाला कविता सुचायच्या, तो शाळेत वर्गालाच शिकवायचा, पुढे त्याच्या नावाची शाळाच झाली. प्रेक्षकांना क्षणात कळले की हा जांभळा मुलगा काळा आहे. आणि मग तक्रारी आल्या त्यातल्या बऱ्याच कृष्णवर्णीयांकडूनच: हा वर्ग गोंगाट करणारा आहे, हा साचा आहे, आमची मुले अशी दाखवू नका. १९७५ च्या सुमारास रूझवेल्ट फ्रँकलिन पडद्यावरून गेला.

आम्ही या प्रकरणावर दोन रविवार भांडलो. एकाचे मत, बाहुली काढली हे योग्यच झाले. बोली ही टोपीसारखी लावली की ती टोपीच होते. दुसऱ्याचे मत, हा शिष्ट मध्यमवर्गाचा विजय होता, ज्याला आपलीच बोली चारचौघांत नकोशी वाटते. आमचा कल दुसऱ्या मताकडे आहे. कारण मराठीत आमच्या बाबतीत याच्या नेमके उलटे घडले आहे. मराठी सिनेमा-नाटकात मुसलमान पात्र आले की ते हिंदीत शिरते, 'अरे मियाँ' म्हणते, लिंगाची गल्लत करते आणि टाळ्या घेते. पण पनवेल-तळोज्यापासून खाली रत्नागिरीपर्यंतचा कोकणी मुसलमान घरात जी भाषा बोलतो ती मराठीचीच बहीण आहे. त्याच्या आडनावात मुकादम, पाटील, देशमुख सापडतात. ती भाषा बोलणारा चाचा कोणी पडद्यावर आणत नाही, कारण तो ओळखू येणार नाही. रूझवेल्ट फ्रँकलिनला निदान आपला खरा आवाज मिळाला आणि त्यासाठी त्याला काढले. आमच्या चाचांना दुसऱ्याचाच आवाज मिळाला आणि त्यासाठी त्यांना ठेवून घेतले.

किरकोळ पात्रे वेगळी काढायची ही खोड आजची नाही. बेलापूरला सिडकोच्या अर्बन हाटमध्ये राजस्थानी कारागीर येतात तेव्हा कठपुतळ्या जोडीजोडीने टांगलेल्या दिसतात. राजा-राणी म्हणून त्या दिवाणखान्यासाठी विकल्या जातात. पण कठपुतळीचा मूळ खेळ अमरसिंह राठोडचा. अमरसिंहाने १६४४ साली आग्र्याला शहाजहानच्या दरबारात सलाबत खानाला ठार केले, त्या घटनेचा. खेळात दरबार भरण्याआधी झाडणारा येतो, पाणी शिंपडणारा भिश्ती येतो, मग सरदार ओळीने बसतात. भिश्ती ओळखायला अवघड नाही, त्याच्या खांद्यावर पखाल असते. अडचण ओळीने बसलेल्या सरदारांची. सगळ्यांचे मोठे डोळे, सगळ्यांचा लांब झगा, पाय कोणालाच नाहीत. कोण राजपूत आणि कोण मोगल? आम्ही मुलांना घेऊन गेलो तेव्हा आमच्या नऊ वर्षांच्या तज्ज्ञाने इथेही दाढी शोधली. दाढी दोन्हीकडे होती. त्याची पेन्सिल पहिल्यांदा अडली.

त्या काळच्या चित्रकारांकडे मात्र यावर तोड होती, आणि ती पेन्सिलीहून नाजूक होती. मोगल लघुचित्रांत जाम्याचा बंद उजव्या काखेखाली असेल तर तो मुसलमान आणि डाव्या काखेखाली असेल तर हिंदू. चित्रांचे अभ्यासक आजही गर्दीतले बिननावाचे दरबारी यावरून वेगळे काढतात. म्हणजे तोच झगा, तेच कापड, तोच शिंपी. फरक एका गाठीचा. हा भेद इतका बारीक आहे की जवळ जाऊन पाहिल्याशिवाय दिसत नाही, आणि जवळ गेल्यावर माणसाचा चेहराही दिसतो. टोपी दुरून दिसते. साचेबंद पात्र आणि नीट रेखाटलेले पात्र यांतला फरक सांगायला आम्हांला याहून चांगले माप सापडलेले नाही.

आणि हे सगळे आपल्यावरच होते असे समजून हळवे होण्याचेही कारण नाही. उस्मानी तुर्कांच्या छायाबाहुल्यांच्या खेळात, कारागोझमध्ये, कारागोझ आणि हाजिवात हे दोन नायक. बाकी पडद्यावर आर्मेनियन येतो, यहुदी येतो, अरब, इराणी, अल्बेनियन येतो. प्रत्येकाचा ठरलेला पेहराव, प्रत्येकाची मोडकी तुर्की, आणि त्यावर हशा. २००९ साली युनेस्कोने या कलेला वारशाच्या यादीत मानाने बसवले, ते योग्यच आहे. पण जिथे आपण बहुसंख्य होतो तिथे चिकटवण्याचे काम आपणच केले हे आपल्या वार्षिकांकात लिहिलेले बरे. जाता जाता आणखी एक. हा लेख वाचून कोणी बुजुर्ग बाहुलीच मुळी चालते का असा प्रश्न काढतील. हजरत आयेशांच्या बाहुल्यांची आणि त्यातल्या पंख असलेल्या घोड्याची हदीस त्यांना माहीत असेलच. सुलेमानांच्या घोड्यांना पंख होते ना, हे छोट्या आयेशांचे उत्तर ऐकून पैगंबर हसले. त्या हसण्यापुढे आम्हांला काही म्हणायचे नाही.

वही पुढे चालू राहिली, कारण सिम सिमची गल्ली शेजारच्या देशांतूनही गेली. २००५ साली बांगलादेशात 'सिसिमपूर' आले होते. त्यात हालुम नावाचा वाघ, टुकटुकी, इक्री मिक्री आणि शिकू नावाचा कोल्हा. २०११ साली पाकिस्तानात 'सिम सिम हमारा' आले, रफी पीर नाट्यमंडळाच्या हातून. त्यातली मुख्य बाहुली राणी, सहा वर्षांची, शाळेच्या गणवेशातली, वेण्या घातलेली आणि क्रिकेट खेळणारी. चमकी आणि राणी शेजारी ठेवल्या तर सख्ख्या बहिणी वाटाव्यात. राणी हे नाव तर संस्कृतातून आलेले. आमच्या तज्ज्ञाने तिला निःसंशय 'हिं.' दिले असते. त्याच विहिरीत हसीन-ओ-जमील नावाची मगर राहते, तिला बहुधा 'मु.'. अमेरिकेने २०१२ साली पैसा थांबवला आणि तो प्रयोग अडला.

मग २०१६ साली अफगाणिस्तानच्या 'बागच-ए-सिमसिम'मध्ये झरी आली. तीही सहा वर्षांची, तीही शाळेत जाणारी. तिच्या नावाचा अर्थ चकाकणारी. मराठीला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. तो आपला जर, जरीकाठातली जरी. आमच्या वहीत चमकी आणि झरी एकमेकींपुढे आल्या तेव्हा कळले की दोन देशांनी आपापल्या भाषेत मुलीला एकच नाव दिले आहे. झरी शाळेच्या गणवेशावर डोक्याला रुमाल बांधते, एरवी तो नसतोही. रुमाल हा तिच्या कपड्यांतला एक कपडा आहे, तिची ओळख नव्हे. तिच्या देशात ऑगस्ट २०२१ नंतर मोठ्या मुलींच्या शाळा बंद झाल्या, आणि इकडे २०२२ च्या सुरुवातीला कर्नाटकात रुमाल बांधून आलेल्या मुलींना वर्गाबाहेर थांबावे लागले. तिकडे रुमाल बांधूनही शाळा नाही, इकडे रुमाल बांधला म्हणून शाळा नाही. बाहुल्यांच्या गल्लीत हा प्रश्न मुळात उद्भवलाच नव्हता. डिसेंबर २०२० मध्ये आणखी दोन बाहुल्या आल्या, नूर आणि अझीझ, सहा वर्षांची जुळी भावंडे, बांगलादेशच्या कॉक्सबाजार छावणीतल्या रोहिंग्या मुलांसाठी केलेली. आमच्या उपखंडातल्या यादीत ज्यांच्या नावावरूनच ते कोण हे कळते अशी ही बाहुल्यांची मुले. त्यांना तशी नावे देणे भाग होते, कारण त्या नावांच्या माणसांनाच घर सोडावे लागले होते. आमच्या मुलाचा नियम इथे लागला आणि लागल्याचे फार वाईट वाटले.

आता हातांविषयी. 'गली गली सिम सिम'च्या श्रेयनामावलीकडे आम्ही बरेच दिवस पाहिलेच नव्हते. पाहिले तेव्हा कळले की चमकीचे काम करतात गझल जावेद, आणि बूमबाह सिंहाच्या आत असतात हाशिम हैदर. म्हणजे आमच्या तज्ज्ञाने जिच्यापुढे 'हिं.' लिहिले तिचे तोंड एका गझलच्या हातात होते. हे ऐकून मोठ्यांना फार आनंद झाला, अगदी बालिश म्हणावा इतका. एकाने तर लगेच वहीत तांबड्या शाईने नोंद करायला घेतली. दुसऱ्याने त्याचा हात धरला. त्याचा आक्षेप असा: बाहुली चालवणाऱ्याने दिसू नये हीच त्या कलेची अट. मग आपण ज्याचा आनंद मानतो आहोत तो अदृश्य असण्याचाच आहे. मुंबईच्या जरदोजीच्या कारखान्यांत लग्नाच्या शालूवर जरी आणि चमकी बसवणारे बहुतेक कारागीर मुसलमान असतात. शालू चमकतो, मिरवतो, फोटोत येतो. कारागीर खाटल्यावर वाकलेला राहतो. चमकी हे नाव त्या मुलीला कोणी दिले असेल ते असो, पण चमकी बसवणाऱ्याचा हात दिसत नाही ही आपली जुनीच कहाणी आहे.

आक्षेप वजनदार आहे आणि आम्ही तो पुसत नाही. तरीही आमचे मत वेगळे पडते. कारागिराची शाल दुसऱ्याच्या अंगावर जाते आणि त्याचा तिच्याशी संबंध संपतो. बाहुलीचे तसे नाही. ती मान वळवते, अडखळते, हसता हसता थांबते, हे सगळे आतल्या माणसाचे असते. चमकीचे जे काही आवडते ते गझल जावेद यांच्या मनगटात आहे. तिथे त्यांना मुसलमान मुलगी करायची नव्हती, पाच वर्षांची मुलगी करायची होती, आणि ती त्यांनी केली. हे स्वातंत्र्य मराठीतल्या किती मुस्लिम लेखकांना मिळाले? आम्ही कथा पाठवतो तेव्हा संपादक मोहल्ल्याची कथा मागतात, तलाकची मागतात, ईदच्या अंकासाठी मागतात. शाळेत जाणारी कोणीतरी चमकी आमच्याकडून कोणी मागत नाही. आणि मागत नाहीत म्हणून हळूहळू आम्हीही ती लिहायचे सोडून देतो. हा दोष संपादकांचा जेवढा तेवढाच आमचा. टोपी लावून उभे राहायची आम्हांलाही सवय झाली आहे, टाळ्या पडतात म्हणून.

मुलाला आम्ही चमकीच्या हाताची गोष्ट सांगितली. त्याने थोडा विचार केला आणि विचारले, "मग बूमबाहमधल्या काकांना उकडत नाही का?" वहीतले 'हिं.' त्याने खोडले नाही, आम्हीही खोडायला सांगितले नाही.

वही अजून आहे. कडा पिवळ्या झाल्या आहेत. अलीकडे ती पुन्हा काढली तेव्हा एक रकाना दिसला, जो आम्ही तेव्हा नुसता पानभर गिरगोटा समजून सोडला होता. तो सर्वांत धाकट्या मुलीचा. तिला तेव्हा जेमतेम लिहिता येत होते. बिननावाच्या बाहुल्या तिला सहन होत नसत, म्हणून तिने इमारतीतल्या माणसांची नावे त्यांना वाटून टाकली होती. क्रमांक १२, शिंदेकाकू. क्रमांक १९, दूधवाले भैया. क्रमांक २७, तोच तो दाढीवाला, डोक्याला फडके गुंडाळलेला, ज्याच्यापुढे तिच्या भावाने 'मु.' लिहिले होते, त्याच्यापुढे तिने लिहिले आहे 'शिंदेकाका', कारण तो तसाच हसतो म्हणे. आणि क्रमांक ३४, एक जांभळी बाहुली, ना दाढी ना टोपी, नुसता चष्मा, तिच्यापुढे 'इनामदार आजोबा'. आमच्या इमारतीत तेव्हा इनामदार दोन होते, दुसऱ्या मजल्यावर एक आणि चौथ्यावर एक. एक जुम्म्याला मशिदीत जात, दुसरे एकादशी करीत. दोघांनाही चष्मा होता. त्यातले कोणते, हे आम्ही तिला परवा विचारले. तिला आठवत नाही.